क्यूबातील पालादार: घरगुती उपाहारगृहात जेवायला जाण्याची रीत

क्यूबात चांगले जेवायचे असेल, तर पालादार शोधावे लागते. पालादार म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरात, दिवाणखान्यात, अंगणात किंवा गच्चीवर चार-सहा टेबले मांडून चालवलेले खाजगी उपाहारगृह. त्यातली काही आता इतकी मोठी झाली आहेत की, घर कुठे संपते आणि हॉटेल कुठे सुरू होते ते कळत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर घरचे आहे, हात घरचे आहेत आणि बाजारहाटही घरातलेच कुणीतरी करते. त्यामुळे हॉटेलात जाऊन मेनूकार्डावर बोट ठेवण्याची जी सवय आपल्याला लागलेली असते, ती येथे फारशी कामाची नाही. त्या दिवशी घरात काय आले आहे हे आधी विचारणारा आणि भाव आधी ठरवून घेणारा माणूस येथे सर्वांत चांगला जेवतो. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टींभोवती आहे.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि तिकडून येणारे तेल, धान्य व यंत्रांचे सुटे भाग आटल्याने क्यूबात अन्नाची भीषण टंचाई निर्माण झाली. त्या वर्षांना तेथे ‘विशेष काळ’ म्हणतात. सरकारने ऑगस्ट १९९३ मध्ये डॉलर बाळगण्यावरील बंदी उठवली, पुढच्याच महिन्यात काही स्वयंरोजगारांना परवानगी दिली आणि लोकांनी घरात जेवण विकायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये ही परवानगी काढून घेतली गेली, पण चूल पेटलेली राहिली ती लपूनछपून. अखेर जून १९९५ मध्ये घरगुती उपाहारगृहांना रीतसर मान्यता मिळाली, तीही कडक अटींवर. खुर्च्या १२ पेक्षा जास्त नसाव्यात, कामाला फक्त कुटुंबातली माणसे असावीत आणि गोमांस, लॉब्स्टर व कोळंबी यांना हात लावू नये, अशा त्या अटी होत्या. २०१० मध्ये ही मर्यादा २० खुर्च्यांपर्यंत गेली, बाहेरची माणसे कामाला ठेवता येऊ लागली आणि निषिद्ध पदार्थांवरची बंदीही उठली. २०११ मध्ये ५० खुर्च्यांना परवानगी मिळाली.

‘पालादार’ या शब्दाचा मूळ अर्थ टाळू किंवा जिभेची चव. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला क्यूबाच्या दूरदर्शनवर एक ब्राझिलियन मालिका घराघरांत पाहिली जात होती. तिची नायिका समुद्रकिनाऱ्यावर खाद्यपदार्थ विकता विकता उपाहारगृहांची मालकीण होते आणि तिच्या व्यवसायाचे नाव असते ‘पालादार’. लोकांनी ते नाव उचलले आणि पुढे ते अशा प्रत्येक घराला चिकटले.

या इतिहासाचा तुमच्या ताटाशी थेट संबंध आहे. पालादार चालवणाऱ्यांना हक्काचा घाऊक बाजार दीर्घकाळ मिळालाच नाही. मालकीणबाई सकाळी त्याच मंडईत आणि त्याच रांगेत उभ्या राहतात, जिथे शेजारपाजारचे लोक उभे असतात. अंडी आली नाहीत, तर त्या दिवशी फ्लान, म्हणजे अंड्या-दुधाचे गोड पुडिंग, होत नाही. मेनूत वीस पदार्थ लिहिलेले असतात आणि त्यातल्या बाराच्या उत्तरादाखल ‘नो आय’, म्हणजे ‘नाही’, एवढेच ऐकू येते. यात ग्राहकाची फसवणूक नाही, छापलेले कार्ड जुने आहे इतकेच. ही गोष्ट मनाशी पक्की करून गेलेला माणूस वैतागत नाही.

कोणत्या प्रकारच्या घरी जायचे ते ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार नावाजलेल्या पालादारांचा. हवानातील ‘ला ग्वारिदा’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. जुन्या, पडझड झालेल्या भव्य इमारतीचा संगमरवरी जिना चढून वर जावे लागणारे हे पालादार १९९६ मध्ये सुरू झाले, ते जिथे एका गाजलेल्या क्यूबन चित्रपटाचे चित्रीकरण झाले होते त्याच घरात. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा सहकुटुंब ‘सान क्रिस्तोबाल’ या पालादारमध्ये जेवले आणि त्यालाही जगभर प्रसिद्धी मिळाली. अशा ठिकाणी जायचे असेल तर काही दिवस आधी टेबल राखून ठेवावे आणि भाव चढे असतील हे गृहीत धरावे.

दुसरा प्रकार वस्तीतल्या छोट्या पालादारांचा. हवानात वेदादो, सेंत्रो हाबाना आणि जुने हवाना या भागांत, तसेच त्रिनिदाद, सिएनफुएगोस यांसारख्या शहरांत ती भरपूर आढळतात. दारावर लहानशी पाटी असते, कधी नुसता खडूने लिहिलेला फळा असतो.

तिसरा प्रकार म्हणजे ‘कासा पार्तिकुलार’, अर्थात पाहुण्यांना भाड्याने खोली देणारे घर. अशा घरांना १९९७ पासून परवाना मिळतो आणि दारावरच्या नांगरासारख्या दिसणाऱ्या निळ्या खुणेवरून ती ओळखू येतात. बहुतेक ठिकाणी सांगितल्यावर न्याहारी आणि रात्रीचे जेवण करून देतात. काटेकोरपणे पाहिले तर हे पालादार नव्हे. तरीही ज्याला क्यूबन घरचा स्वयंपाक खरोखर चाखायचा आहे, त्याने निदान दोन रात्री येथेच जेवावे, असे माझे ठाम मत आहे. येथे तुमच्यासाठी म्हणून बाजार केला जातो, तुमच्यापुरतेच रांधले जाते आणि घरच्या बाई समोर उभ्या राहून तुम्ही काय टाकले व काय पुन्हा मागितले ते लक्षात ठेवतात. विन्यालेससारख्या खेड्यात तर अशा टेबलावर येणाऱ्या भाज्या बऱ्याचदा जवळच्या शेतातल्याच असतात.

पत्ता वाचायला शिका आणि वाटेत कुणाचे ऐकू नका

क्यूबन पत्ता समजला की अर्धे काम होते. घराचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव यांच्यापुढे ते घर कोणत्या दोन आडव्या रस्त्यांच्या दरम्यान आहे ते लिहिलेले असते. ला ग्वारिदाचा पत्ता ‘कोंकोर्दिया ४१८, एन्त्रे हेर्वासियो इ एस्कोबार’ असा आहे. म्हणजे कोंकोर्दिया रस्त्यावर, हेर्वासियो आणि एस्कोबार या दोन रस्त्यांच्या मधल्या तुकड्यात. ‘एस्किना’ म्हणजे कोपरा. ‘बाहोस’ लिहिले असेल तर तळमजला आणि ‘आल्तोस’ असेल तर वरचा मजला. हा शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवावा, कारण अनेक पालादार वरच्या मजल्यावर असतात, खाली रस्त्यावर काहीच दिसत नाही आणि माणूस बंद दारावरून तीनदा पुढे निघून जातो.

पत्ता कागदावर लिहून ठेवावा. मोबाइल इंटरनेट ऐनवेळी चालेलच असे नाही.

आता वाटेतल्या माणसांविषयी. पर्यटकांना गाठून कुठेतरी नेणाऱ्यांना तेथे ‘हिनेतेरो’ म्हणतात. ते ज्या घरी नेतात तेथून त्यांना दलाली मिळते आणि ती तुमच्याच बिलातून वसूल होते. सेंत्रो हाबानामध्ये आम्ही कागद हातात धरून घराचे क्रमांक पाहत उभे होतो, तेव्हा एक हसतमुख तरुण जवळ आला, त्याने कागद पाहिला आणि हळहळून सांगितले की ते पालादार गेल्या आठवड्यातच बंद झाले. त्याच्याच ओळखीच्या दुसऱ्या घरी त्याने आम्हाला पोहोचवले. तेथे मिळालेल्या कार्डावर पदार्थांची नावे होती, भाव नव्हते. भात, कोंबडी आणि दोन लिंबू सरबते यांचे जे बिल आले, ते पाहून दुसऱ्या दिवशी आमच्या कासाच्या मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या स्वतः आमच्याबरोबर चालत आल्या. ‘बंद’ पडलेले पालादार व्यवस्थित सुरू होते, आम्ही उभे होतो त्या जागेच्या बरोबर समोर, वरच्या मजल्यावर.

तेव्हा नियम साधा आहे. ‘ते बंद आहे’ असे रस्त्यावरच्या कुणी सांगितले, तरी स्वतः दारापर्यंत जाऊन खात्री करावी. शक्य असल्यास ज्या घरी उतरला आहात तेथूनच फोन करून जागा आणि वेळ ठरवून घ्यावी. मात्र कासाचे मालकही कधीकधी ओळखीच्या पालादारकडे पाठवून दलाली घेतात, हे ध्यानात ठेवावे. त्यांनी सुचवलेले ठिकाण बहुधा वाईट नसते, पण तुम्हाला दुसरीकडेच जायचे असेल तर तसे स्पष्ट सांगण्यात काही अवघड वाटून घेऊ नये.

बसण्यापूर्वी भाव आणि चलन विचारा

दारातून आत शिरताना ‘ब्वेनास’ म्हणावे. कुणाच्या तरी घरात पाऊल टाकत आहोत, याची ती पोच असते. मग ‘ला कार्ता, पोर फाव्होर’ म्हणून कार्ड मागावे. कार्डावर भाव नसतील तर ‘क्वांतो क्वेस्ता?’ असे प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्यावे आणि शक्य तर आकडा कागदावर लिहून घ्यावा. भाव सांगायला टाळाटाळ झाली, तर आभार मानून निघावे. यात कुणाला अपमान वाटत नाही.

चलनाचा गोंधळ मोठा आहे आणि नवख्या माणसाची चूक सहसा येथेच होते. १९९४ पासून क्यूबात साधा पेसो आणि परिवर्तनीय पेसो अशी दोन चलने चालत असत. १ जानेवारी २०२१ पासून परिवर्तनीय पेसो रद्द करण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि आता त्याला काहीही किंमत नाही. जुन्या प्रवासपुस्तकांतले सगळे भाव म्हणूनच निरुपयोगी झाले आहेत, आणि रस्त्यावर कुणी ती जुनी नोट देऊ केली तर ती घेऊ नये. शिवाय क्यूबन पेसोसाठीही डॉलरचेच चिन्ह वापरतात. कार्डावर ते चिन्ह दिसले म्हणून तो अमेरिकी डॉलर समजू नये आणि उलटही गृहीत धरू नये. आकड्यापुढे ‘एमे एने’ ही आद्याक्षरे असतील तर तो राष्ट्रीय पेसो. काही पालादार डॉलर किंवा युरोमध्येही भाव सांगतात. अशा वेळी पेसोत पैसे दिले तर ते कोणत्या दराने धरणार, हे जेवण सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, कारण अधिकृत दर आणि प्रत्यक्ष व्यवहारातला दर यांत अंतर असू शकते.

काय मागवावे

कार्ड मिटवून ठेवावे आणि ‘के आय ओय?’, म्हणजे ‘आज काय आहे?’, असे विचारावे. त्यानंतर जी तीन-चार नावे सांगितली जातात, त्यांतून निवडावे. जे ताजे आले आहे आणि जे त्या स्वयंपाकघराला रोजच्या सवयीने उत्तम जमते, तेच या यादीत असते. कार्डावरचा पास्ता किंवा पिझ्झा परदेशी पाहुण्यांच्या समाधानासाठी लिहिलेला असतो. तो मागवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

क्यूबन ताटाचा कणा म्हणजे भात आणि काळा घेवडा. हा घेवडा भिजवून मऊ शिजवतात, दुसरीकडे तेलात कांदा, लसूण आणि हिरवी ढोबळी मिरची परततात, त्यात जिरे, ओरेगानो आणि लॉरेलचे पान पडते. या फोडणीला ‘सोफ्रितो’ म्हणतात. शिजलेल्या घेवड्याचा एखादा डाव त्यात ठेचून घालतात, म्हणजे रस्सा दाट होतो, आणि शेवटी चिमूटभर साखर व थोडे व्हिनेगर घालतात. रात्रभर मुरलेल्या घेवड्याला ‘फ्रिहोलेस दोर्मिदोस’, म्हणजे झोपलेला घेवडा, म्हणतात आणि तो मिळत असेल तर दुसरे काही शोधू नये. भात आणि काळा घेवडा एकत्र शिजवला की त्याचे ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ होते. लाल घेवड्याच्या भाताला ‘कोंग्री’ म्हणतात, तो मुळात पूर्वेकडचा.

सोबत ‘तोस्तोनेस’ मागवावेत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मी ते होताना पाहिले आहेत. कच्च्या हिरव्या केळ्याची साल हाताने निघत नाही, सुरीने उभे चिरे देऊन ती सोडवावी लागते. बोटभर जाडीचे काप एकदा मंद तेलात तळून बाहेर काढतात, बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांमध्ये एकेक ठेवून दाबतात, मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवतात आणि पुन्हा कडकडीत तेलात सोडतात. पाण्याचा थेंब तेलात पडून जो तडतडाट होतो, त्यावरून बाहेर बसलेल्यांना पान वाढायची वेळ झाल्याचे कळते. तोस्तोनेस थंड झाले की चिवट होतात, म्हणून ते आले की लगेच खावेत. ‘युका कोन मोहो’ म्हणजे उकडलेला कसावा, त्यावर गरम तेलात परतलेला लसूण आणि आंबट संत्र्याचा रस, म्हणजेच ‘मोहो’, ओततात. मांसाहारी असाल तर तासन् तास भाजलेले डुकराचे मांस, किंवा ‘रोपा व्हिएहा’, म्हणजे ‘जुने कपडे’ अशा नावाचे तंतू तंतू सुटलेले मांस, हे घरगुती क्यूबन स्वयंपाकाचे खरे नमुने आहेत. पूर्वेच्या टोकाला असलेल्या बाराकोआत गेलात तर नारळाच्या दुधात शिजवलेली मासळी चुकवू नये.

गोडात पेरूच्या पाकातल्या फोडी आणि चीज ही जोडी मागवावी. पपई हवी असेल तर ‘फ्रुता बोंबा’ म्हणावे. हवानाच्या बोलीत ‘पापाया’ या शब्दाला अश्लील अर्थ आहे.

शाकाहारी असाल तर

येथे उपाशी राहण्याची पाळी येत नाही, पण नुसते ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागतही नाही. ‘कार्ने’ हा शब्द अनेकांच्या कानाला फक्त लाल मांस असा वाटतो, त्यामुळे ‘सिन कार्ने’ म्हणून मागवलेल्या ताटात हॅमचे तुकडे किंवा कोंबडी येऊ शकते, आणि वाढणाऱ्याला त्यात काही चूक झाली असे वाटतही नाही. म्हणून संपूर्ण वाक्य म्हणावे: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हामोन’. मी मांस, कोंबडी, मासे आणि हॅम खात नाही, असा त्याचा अर्थ. त्याला ‘सिन मान्तेका’ जोडावे. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि घेवडा, भात व मोहो या तिन्हींत ती असण्याची शक्यता असते. ‘सिन काल्दो’ म्हणजे मांसाचा अर्क न घालता.

मोरोस आधीच शिजवलेला असतो आणि त्यात बऱ्याचदा खारवलेले मांस पडलेले असते, म्हणून तो विचारल्याशिवाय घेऊ नये. पांढरा भात, उकडलेला कसावा किंवा रताळे, अव्होकाडो, कोबी-काकडी-टोमॅटोची कोशिंबीर हे तुलनेने निर्धोक आहे. तोस्तोनेस कशात तळले ते मात्र विचारावे, कारण त्याच तेलात आधी कोंबडी तळलेली असू शकते. अंडे चालत असेल तर ‘तोर्तिया’ मागावा. क्यूबात तोर्तिया म्हणजे ऑम्लेट. सर्वांत खात्रीचा मार्ग कासाचा. सकाळीच सांगितले तर घेवडा तुमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात, चरबी न घालता शिजवून मिळतो. ऐन रात्री आठ वाजता हे सांगून काही उपयोग नाही.

जेवताना

नळाचे पाणी पिऊ नये, सीलबंद बाटली मागावी आणि ती आपल्यासमोर उघडून घ्यावी. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते विचारावे किंवा बर्फच टाळावा. वीज जाण्याचे प्रमाण मोठे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर संपूर्ण देशाची वीजयंत्रणा कोसळली होती. दीर्घकाळ वीज गेलेली असेल त्या दिवशी मासळी आणि दुधाचे पदार्थ मागवू नयेत, गरम व नुकतेच शिजलेले तेवढेच घ्यावे.

वेळ हाताशी ठेवून जावे. ऑर्डर दिल्यावर कांदा चिरायला सुरुवात होते, अशी घरे मी पाहिली आहेत. दीड तास राखून ठेवला म्हणजे पुढच्या कार्यक्रमाची धावपळ होत नाही. शेजारच्या खोलीत आजोबा दूरदर्शन पाहत बसलेले असतील, एखादे मूल टेबलाखाली येऊन बसेल, पण घरातल्यांची किंवा स्वयंपाकघराची छायाचित्रे विचारल्याखेरीज काढू नयेत. तेथे येणारे निरीक्षक प्रत्येक जिन्नस कायदेशीरपणे विकत घेतल्याची पावती मागतात, त्यामुळे कोणत्या फडताळात काय आहे याचे चित्र बाहेर जाणे त्या कुटुंबाला महागात पडू शकते. याच कारणाने ‘हे तुम्हाला कुठे मिळाले?’ हा प्रश्न कौतुकानेसुद्धा विचारू नये.

पैसे देताना

‘ला क्वेंता, पोर फाव्होर’ म्हटल्यावर बिल येते. ते ओळीओळीने वाचावे. न मागता टेबलावर ठेवलेला पाव, लोणी किंवा ऑलिव्ह यांचे पैसे कधीकधी लावलेले असतात, म्हणून नको असेल तर ते आल्याबरोबरच परत पाठवावे. काही ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेले असते. ‘एल सेर्विसियो एस्ता इंक्लुइदो?’ असे विचारले की खुलासा होतो. धरलेले नसेल तर साधारण तेवढीच बक्षिसी द्यावी, आणि ती शक्यतो वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.

रोख रक्कम जवळ असायलाच हवी. अमेरिकी बँकांची कार्डे क्यूबात चालत नाहीत आणि इतर कार्डांवरही छोट्या पालादारमध्ये विसंबता येत नाही. लहान रकमेच्या नोटा ठेवाव्यात. मोठ्या नोटेचे सुटे आणायला घरातला मुलगा तीन गल्ल्या फिरून येतो आणि तोवर सगळेच अवघडून बसतात.

जेवण आवडले असेल, तर उठण्यापूर्वीच उद्याचे ठरवून टाकावे: किती माणसे, किती वाजता आणि काय खायचे. मुरलेला घेवडा हवा असेल तर तो आज रात्रीच शिजवून ठेवावा लागतो.